वाटण्याचं कलम, थांबवण्याचं कलम

अलिसा पी. हॅकर आणि बेन बिटडिडल यांची खाती दोन वेगळ्या सर्व्हरवर आहेत. अलिसाने बेनला एक पुस्तक वाचायला दिलं आहे आणि ते परत मिळावं म्हणून ती त्याला निरोप पाठवते. थोडा वेळ जातो. मग ती फोन उघडते, तर मित्रांनी टाकलेले मांजरांचे व्हिडिओ आणि बहिणीने टाकलेले भाच्याचे फोटो यांच्या गर्दीत बेनचं उत्तर आलेलं असतं : माफ कर, उद्या आणून देतो. अलिसाला हायसं वाटतं. ती त्या उत्तराला लाइक करते आणि त्याच आनंदात आपल्या सगळ्या फॉलोअर्ससाठी एक जाहीर पोस्ट लिहिते.

ही गोष्ट एका तांत्रिक मानकाच्या सुरुवातीला येते. अ‍ॅक्टिव्हिटीपब हे त्या मानकाचं नाव. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 23 जानेवारी 2018 रोजी ते शिफारस म्हणून प्रसिद्ध केलं. क्रिस्टीन लेमर-वेबर आणि जेसिका टॅलन या त्याच्या संपादक. मॅस्टोडॉन, पिक्सेलफेड, पीअरट्यूब, लेमी अशा सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या हजारो स्वतंत्र सर्व्हरचं जे जाळं फेडिव्हर्स म्हणून ओळखलं जातं, ते याच मजकुराच्या आधाराने एकमेकांशी बोलतं. मराठी वाचकांपैकी अनेकांच्या कानावर मॅस्टोडॉनचं नाव पहिल्यांदा पडलं ते नोव्हेंबर 2019 मध्ये. ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं आणि भारतातून अनेकजण निषेध म्हणून तिकडे वळले. एका कंपनीच्या हातात सगळ्यांच्या बोलण्याची किल्ली असू नये, एवढाच तेव्हाच्या चर्चेचा गाभा होता. पण किल्ली कंपनीकडून काढून घेतल्यावर ती नेमकी कोणाकडे जाते, याचं उत्तर चर्चेत सापडत नाही. ते या मजकुरात आहे, आणि म्हणून अभियंत्यांच्या टेबलावरून उचलून तो सावकाश वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आधी त्या गोष्टीतल्या नावांबद्दल. अलिसा आणि बेन ही जोडी एमआयटीच्या एका गाजलेल्या पाठ्यपुस्तकातून आलेली आहे. एबलसन आणि सस्मन यांचं हे प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक 1985 साली निघालं आणि संगणकशास्त्राच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. त्यातल्या उदाहरणांत आणि स्वाध्यायांत हे दोघं सतत भेटत राहतात. मानकातला बेन सांगतो की तो रजिस्टर मशीनवरचा भाग पुन्हा बघत होता. त्या पाठ्यपुस्तकाचं शेवटचं प्रकरण नेमकं रजिस्टर मशीनवर आहे. म्हणजे अलिसाने उसनं दिलेलं पुस्तक कोणतं, हे नाव न घेता कळतं. ज्या पुस्तकाच्या पानांतून ही माणसं जन्माला आली तेच पुस्तक ती एकमेकांना वाचायला देत आहेत. मानकाच्या कोरड्या शिस्तीत कोणी एवढा जिव्हाळा पेरून ठेवावा, याचं मला फार कौतुक वाटतं.

गोष्टीच्या आड यंत्रणाही उलगडत जाते. प्रत्येक खात्याला एक इनबॉक्स आणि एक आउटबॉक्स. अलिसाचा फोन तिचा निरोप तिच्या आउटबॉक्समध्ये टाकतो. तिचा सर्व्हर पाहतो की हा बेनसाठी आहे. तो बेनच्या खात्याची माहिती मागवतो, त्यातून बेनच्या इनबॉक्सचा पत्ता शोधतो आणि निरोप तिथे नेऊन टाकतो. ईमेल अनेक दशकं साधारण असाच चालत आलेला आहे. वेगळेपण आहे ते निरोपाच्या घडणीत. फेडिव्हर्समध्ये नुसता मजकूर प्रवास करत नाही, वाक्य प्रवास करतं. अलिसाने टाइप केलेल्या चिठ्ठीभोवती तिचा सर्व्हर एक वेष्टण घालतो, आणि त्या वेष्टणात कर्ता, क्रियापद आणि कर्म असे तीन भाग असतात : अलिसाने, निर्माण केली, ही चिठ्ठी. लाइक केलं तर क्रियापद बदलतं. फॉलो केलं तर बदलतं. दुसऱ्याची पोस्ट पुढे वाटली, जिला मॅस्टोडॉनवर बूस्ट म्हणतात, तर क्रियापद होतं अनाउन्स. केलेलं मागे घ्यायचं तर अनडू, आणि त्याचं कर्म असतं आधीचं अख्खं वाक्य. ही शब्दसंपदा अ‍ॅक्टिव्हिटीस्ट्रीम्स नावाच्या जोडमानकातून येते, तेही 2017 साली डब्ल्यूथ्रीसीनेच प्रसिद्ध केलेलं. समाजमाध्यमावर माणसं जे जे करतात ते सगळं मूठभर क्रियापदांत बसवणं ही मोठी काटकसर आहे. शिवाय प्रत्येक वाक्यात कर्ता लिहिलेलाच असतो. कोणीतरी केलं, असं मोघम वाक्य या भाषेत रचताच येत नाही.

या क्रियापदांच्या मांडणीतच मजकुराचं मर्म दडलेलं आहे. सहावा विभाग आहे माणूस आणि त्याचा स्वतःचा सर्व्हर यांच्यातल्या व्यवहाराचा. सातवा आहे सर्व्हर आणि सर्व्हर यांच्यातल्या व्यवहाराचा. दोन्हीकडे क्रियापदांची एकेक यादी आहे. निर्माण, बदल, खोडणं, फॉलो, लाइक अशी बरीचशी नावं दोन्हीकडे येतात. पण ब्लॉक फक्त सहाव्या विभागात सापडतं, आणि अनाउन्स, म्हणजे पुढे वाटणं, फक्त सातव्यात. वाटण्याचं कलम दोन सर्व्हरच्या मधोमध उभं आहे. थांबवण्याचं कलम माणूस आणि त्याचा आपला सर्व्हर यांच्यापुरतं आहे. ते उंबऱ्याबाहेर जात नाही. हे लेखकांनी कितपत ठरवून केलं हे मजकुरावरून सांगता येणार नाही, पण पुढे फेडिव्हर्समध्ये जे वाद झाले, जी दारं लागली आणि जी माणसं दुखावली, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ मला या मांडणीत दिसतं.

वाटण्याच्या बाजूने मजकूर किती काळजी घेतो ते बघण्यासारखं आहे. सातव्या विभागातलं एक उपकलम भुतासारख्या उत्तरांवर आहे, आणि ‘घोस्ट रिप्लाय’ हे नाव मजकुरातच आहे. अलिसाने एका परिषदेत निबंध चांगला सादर केला आणि ते आपल्या फॉलोअर्सना कळवलं. बेनने अभिनंदन केलं आणि उत्तर तिच्या सगळ्या फॉलोअर्सनाही जावं असं पत्त्यात लिहिलं. पण अलिसाचे फॉलोअर कोण हे बेनच्या सर्व्हरला ठाऊकच नाही, ती यादी अलिसाच्या सर्व्हरकडे आहे. तेव्हा बेनचं उत्तर त्या लोकांपर्यंत पोचत नाही. आता अलिसा बेनला आभाराचं उत्तर देईल, आणि तिच्या फॉलोअर्सना दिसेल की ती कोणाशी तरी बोलते आहे, पण समोरचा माणूस काय म्हणाला ते कोणी ऐकलेलंच नाही.

यावर उपाय असा : अलिसाच्या सर्व्हरने बेनचं उत्तर स्वतः पुढे पोचवावं. मात्र तीन अटींवर. ते उत्तर या सर्व्हरने पहिल्यांदाच पाहिलेलं असावं, नाहीतर तेच पत्र गोल गोल फिरत राहील. पत्त्यात या सर्व्हरच्या मालकीची एखादी यादी असावी. आणि ते उत्तर ज्या गोष्टीबद्दल आहे ती गोष्टही याच सर्व्हरची असावी, म्हणजे दुसऱ्याच्या फॉलोअर्सचा पत्ता घालून कोणी भलताच मजकूर त्यांच्या माथी मारू शकणार नाही. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की पुढे पोचवणं सक्तीचं. इंटरनेटच्या मानकांत सक्ती, अपेक्षा आणि मुभा अशा तीन पायऱ्या असतात. स्कॉट ब्रॅडनर यांनी 1997 साली लिहिलेल्या एका छोट्या दस्तऐवजाने त्या नेमक्या करून ठेवल्या, आणि तेव्हापासून मानक वाचणारा प्रत्येकजण आधी पायरी कोणती ते बघतो. इथे पायरी सर्वांत वरची आहे. संवाद तुटू नये, कोणाचंही उत्तर हवेत विरू नये, यासाठी हा मजकूर आपल्याजवळचा सर्वांत कडक शब्द खर्च करतो.

ब्लॉकचं कलम त्यामानाने अगदी आखूड आहे. एका माणसाला दुसऱ्याने आपल्या गोष्टींशी व्यवहार करायला नको असेल तर त्याने हे क्रियापद वापरावं, सर्व्हरने त्या दुसऱ्याला अडवावं, आणि ब्लॉक केल्याची खबर ज्याला ब्लॉक केलं त्याच्याकडे पाठवू नये, एवढाच आशय. अडवण्याबद्दलची पायरी मधली, अपेक्षेची. गुप्त प्रतीचे पत्ते पाठवण्याआधी पुसून टाका हे हाच मजकूर सक्तीने सांगतो. पण छळणाऱ्याला अडवा हे सांगताना एक पायरी खाली उतरतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर सक्ती चालणार नाही हे मान्य. पण इथे बोलणं आहे ते ब्लॉक करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्याच सर्व्हरशी. तिथे सक्तीचा शब्द शोभला असता, आणि तो नाही ही या मजकुरातली मला जाणवणारी सर्वांत मोठी उणीव.

खबर न पाठवण्याची सूचना मात्र शहाणपणाची आहे. त्यामागचं कारण मजकुरात दिलेलं नाही, पण ज्यांनी पिच्छा पुरवणारी माणसं पाहिली आहेत त्यांना ते सांगावं लागत नाही. तुला दार बंद केलं आहे, असं कळवणं हे कित्येकदा त्याला चेतवणंच असतं. ब्लॉक हा निकाल नाही, शिक्षाही नाही. तो एका माणसाने आपल्यापुरता शांतपणे घेतलेला निर्णय आहे, आणि तो शांत राहू देण्याची सोय मजकूर करतो.

तरीही मॅस्टोडॉनने ही सूचना पाळलेली नाही. तिथून ब्लॉकची नोंद दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवली जाते, आणि त्यालाही सबळ कारण आहे. तुमच्या पोस्टची प्रत त्या दुसऱ्या सर्व्हरवर कधीचीच जाऊन बसलेली असते. त्याला काही सांगितलंच नाही तर तो ती ब्लॉक केलेल्या माणसाला दाखवत राहणार, कारण तुम्ही तुमच्या घरात काय ठरवलं हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून मॅस्टोडॉन सांगतं : या माणसाला माझं प्रोफाइल दाखवू नका. सांगतं म्हणजे विनंती करतं. समोरचा सर्व्हर भला असेल तर ऐकेल. आणि छळणारी माणसं ज्या सर्व्हरवर एकवटतात, त्यांचे चालक भले असतीलच असं नाही. मौन पाळलं तर पोस्ट दिसत राहते, बोललं तर छळणाऱ्याच्या गोटात खबर जाते. या पेचातून पूर्ण सुटका होईल अशी तिसरी वाट विकेंद्रित जाळ्यात नाही. मानक लिहिणाऱ्यांनी एक बाजू निवडली, मॅस्टोडॉनने दुसरी, आणि दोघांच्याही मनात त्रास होणाऱ्या माणसाचीच काळजी होती.

इथे अलिसाचं पुस्तक फार अर्थपूर्ण ठरतं. उसनं दिलेलं पुस्तक एकच असतं. ते बेनकडे गेलं की अलिसाकडे नसतं, आणि परत आलं की बेनकडे उरत नाही. पोस्ट तशी नाही. ती पाठवली की प्रत्येक ठिकाणी तिची नवी प्रत होते आणि मूळ तुमच्याकडेच राहतं. खोडण्याचं कलम हे प्रामाणिकपणे मानतं. मूळ सर्व्हरवरून खोडल्याचा निरोप आला तर इतरांनी आपापली प्रत काढावी अशी अपेक्षा आहे, आणि त्या जागी हवं तर एक खूण ठेवावी, जिला मजकूर टूमस्टोन म्हणतो. इथे काहीतरी होतं आणि ते आता नाही, एवढंच ती खूण सांगते. पण कोणी प्रत काढलीच नाही तर? मजकुरात त्यावर उपाय नाही, आणि उपाय असल्याचा आवही नाही. मोठ्या कंपन्यांच्या डिलीट बटणाने आपल्याला जी खात्री वाटायला लावली, ती इथे कोणी देत नाही. हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

वाटण्याचं क्रियापद थांबवण्याच्या क्रियापदाला कसं वळसा घालतं, हे मजकूर नुसता वाचून लवकर ध्यानात येत नाही. समजा अलिसाच्या सर्व्हरने एका उपद्रवी सर्व्हरशी सगळा व्यवहार बंद केला. बेनचा सर्व्हर दोघांशीही बोलतो. बेनने अलिसाची जाहीर पोस्ट बूस्ट केली. बूस्टमध्ये साधारणतः पोस्टचा मजकूर नसतो, तिचा पत्ता असतो. उपद्रवी सर्व्हरवर बेनचे फॉलोअर आहेत, म्हणून तो पत्ता तिथे जातो, आणि तो सर्व्हर सरळ अलिसाच्या सर्व्हरकडे येऊन मूळ पोस्ट मागतो. मागणारा कोण हे विचारायची रीत नसेल तर अलिसाचा सर्व्हर ती देऊन मोकळा होतो. ब्लॉक कागदावर शाबूत, आणि पोस्ट गेलेली. पुढे मॅस्टोडॉनमध्ये ऑथराइज्ड फेच नावाची सोय आली : पोस्ट मागणाऱ्या सर्व्हरने आपल्या किल्लीने सही करून मागायचं, सही ब्लॉक केलेल्या सर्व्हरची असेल तर नकार. त्याची किंमत पडते. एकदा तयार केलेलं उत्तर साठवून सगळ्यांना देता येत नाही, दरवेळी सही तपासावी लागते, सर्व्हरवर भार वाढतो, आणि सही न करणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरला काही मिळत नाही. ओळख पटवण्याची सर्वमान्य पद्धत मानक ठरत असताना अस्तित्वात नव्हती, हे परिशिष्टात लेखकांनी स्वतःच खेदाने नोंदवलेलं आहे. त्या एका वाक्यातली पोकळी भरून काढायला नंतरच्या लोकांची वर्षं गेली.

आणि अख्ख्या सर्व्हरला ब्लॉक करणं, ज्याला डिफेडरेशन म्हणतात, त्याबद्दल तर मजकुरात चकार शब्द नाही. एका कर्त्याने दुसऱ्या कर्त्याला अडवण्याचं क्रियापद आहे. एका वस्तीने दुसऱ्या वस्तीशी संबंध तोडण्याचं नाही. परिशिष्टात स्पॅम गाळून घ्या असा सल्ला आहे, तेवढाच. हा सगळा व्यवहार सर्व्हर चालवणाऱ्यांनी गरजेतून उभा केला. मॅस्टोडॉनमध्ये त्याच्या पायऱ्या आहेत. लिमिट केलं तर त्या सर्व्हरची माणसं फक्त त्यांच्या फॉलोअर्सना दिसतात, अनोळखी लोकांपुढे येत नाहीत. सस्पेंड केलं तर येणंजाणं बंद आणि आपल्याकडच्या प्रतीही साफ. मध्ये नुसती चित्रं आणि व्हिडिओ नाकारण्याचीही सोय आहे.

याची एक मोठी कसोटी जुलै 2019 मध्ये लागली. द्वेषपूर्ण मजकुराला थारा देण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेलं गॅब हे माध्यम मॅस्टोडॉनच्या खुल्या सॉफ्टवेअरवर येऊन बसलं. सॉफ्टवेअर खुलं, त्यामुळे कोणी त्यांना रोखू शकत नव्हतं. पण त्यांचं ऐकायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या हातात होतं. एकामागून एक सर्व्हर त्यांना ब्लॉक करत गेले, काही अ‍ॅपनीही दार लावलं, आणि पुढे गॅबने फेडरेशनचा नाद सोडून दिला. कोणी हुकूम काढला नव्हता. बोलायचा हक्क गॅबकडे शेवटपर्यंत होताच. ऐकायची सक्ती कोणावर नव्हती. माझ्या मते या मजकुराचं सर्वांत मोठं देणं हेच आहे, आणि ते एकाही कलमात लिहिलेलं नाही. प्रत्येकाला आपापला इनबॉक्स देण्यात ते आपोआप येतं.

दुसरं उदाहरण इतकं सरळ नाही. जून 2023 मध्ये रेडिटवरच्या असंतोषामुळे, रेडिटसारखेच चर्चासमूह चालवणाऱ्या लेमीच्या सर्व्हरवर लोंढे आले. बीहॉ या लहान, जपून चालवलेल्या सर्व्हरने लेमी.वर्ल्ड आणि आणखी एका मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले. तिकडची माणसं वाईट होती असं बीहॉचं म्हणणं नव्हतं. तिथे कोणालाही चटकन खातं उघडता येत होतं, त्यातून त्रास देणारे येत होते, आणि बीहॉचे मोजके मॉडरेटर पुरे पडत नव्हते. लेमीमधले समूह अनाउन्स या क्रियापदावरच चालतात : कोणी लिहिलं की समूह ते सगळ्या सर्व्हरना अनाउन्स करतो. संबंध तुटले तेव्हा बीहॉच्या समूहांच्या प्रती लेमी.वर्ल्डवर होत्याच. तिथली माणसं त्यांत लिहीत राहू शकत होती, पण ते लिहिणं त्यांच्याच सर्व्हरवरच्या लोकांना दिसे; मूळ समूहापर्यंत ते जातच नव्हतं. सातव्या विभागाने ज्या भुतांना सक्तीचा शब्द खर्चून बाहेर काढलं, ती सर्व्हर-ब्लॉकच्या वाटेने पुन्हा आत आली. थकलेल्या मॉडरेटरचा निर्णय मला योग्यच वाटतो. पण आपलं उत्तर कोणाकडे पोचत नाही हे लिहिणाऱ्याला कळावं, एवढी सोय हवी होती.

मेटाच्या थ्रेड्स या माध्यमाच्या वेळी तर ऐकण्याआधीच दार लावण्याचा प्रश्न आला. ते जुलै 2023 मध्ये सुरू झालं. ते अ‍ॅक्टिव्हिटीपब वापरणार हे समजताच कितीतरी सर्व्हरचालकांनी, आम्ही याला ब्लॉक करू, अशी जाहीर प्रतिज्ञा केली, आणि इतर कित्येकांनी दार उघडं ठेवून वाट पाहायचं ठरवलं. दोन्ही भूमिका एकाच मजकुरात सुखाने बसतात.

मात्र सर्व्हरचालकाने दुसरा सर्व्हर सस्पेंड केला की त्या क्षणी दोन्हीकडच्या माणसांमधली फॉलोची नाती तुटतात. ज्यांनी कोणाचं काही बिघडवलं नाही त्यांचीही. अनेक वर्षं हे मुकाट्याने होत असे. एखादी मैत्रीण बरेच दिवस दिसली नाही तर तिनेच लिहिणं सोडलं असेल असं माणूस समजे. ब्लॉक केलेल्याला कळवू नका हे एका माणसाच्या बाबतीत शहाणपणाचं होतं; पण ज्याच्या वतीने दुसऱ्याने ब्लॉक केलं, त्या आपल्याच घरातल्या माणसाला न कळवणं हे वेगळं आहे, आणि त्याला कोणतंही समर्थन नाही. 2024 सालच्या मॅस्टोडॉन 4.3 पासून अशा वेळी सूचना येते : अमुक सर्व्हर बंद केला, तुमचे इतके फॉलोअर गेले, तुम्ही फॉलो करत होता ते इतके गेले. कोण गेले त्यांची यादीही उतरवून घेता येते. ती यादी हाती असली की माणूस दुसऱ्या सर्व्हरवर खातं काढून त्यांना पुन्हा शोधू शकतो, किंवा आपल्या चालकाला जाऊन विचारू शकतो की हे का केलंत. अ‍ॅक्टिव्हिटीपबची पुढची आवृत्ती कधी लिहिली गेली तर सर्व्हर-ब्लॉकसाठी तिथे एक स्वतंत्र कलम असावं, आणि ही सूचना देणं त्यात अपेक्षा म्हणून नव्हे, सक्ती म्हणून लिहिलेलं असावं.